आता स्टॅलिनग्राड म्हणा

कवळीकाकांना आयुष्यात दोनच गोष्टींची पक्की खात्री होती. एक, माणसाचा खालचा जबडा खोटारडा असतो. आणि दोन, दुसरं महायुद्ध स्टॅलिनग्राडला फिरलं.

पहिली गोष्ट ते कामातून शिकले होते. माप घेताना माणसाला नुसतं ‘चावा’ म्हटलं, की तो उगाच जबडा पुढे सरकवून चावतो. कवळी तयार होऊन आली, की तोच जबडा निमूट मागे जाऊन बसतो, आणि वर कवळी करणाऱ्याच्या नावाने बोंब मारतो. दुसरी गोष्ट मात्र ते रद्दीतून शिकले.

ते असं. काकांचे मामा कवळ्या करायचे आणि काका पोरवयात त्यांच्या हाताखाली लागले. तयार कवळ्या आणि प्लास्टरचे साचे कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे पाठवायचे असत. वर्तमानपत्राची शाई दातांना लागते, म्हणून मामा जुनी पुस्तकं वजनावर आणायचे आणि पानं फाडून वापरायचे. काका कामाला लागले, तेव्हा महायुद्धाचा एक जाडजूड इतिहास वापरात होता आणि मामा तो सुरुवातीपासून फाडत फाडत मध्यावर आले होते. पोलंड, फ्रान्स आणि मॉस्को कुणाकुणाच्या दातांबरोबर केव्हाच घरोघर पोचले होते. आता प्लास्टर घट्ट होईपर्यंत कवळीवाल्याला हात चोळत बसण्याशिवाय दुसरं काम नसतं. काकांनी उरलेलं पुस्तक उघडलं, तर समोर स्टॅलिनग्राड. घराघरातून, जिन्याजिन्यावरून चाललेली लढाई. शेवटी जर्मनांची अख्खी फौज कोंडीत सापडून शरण आली, तेव्हा प्लास्टर कधीच वाळून खडखडीत झालं होतं आणि मामांनी पाठीत धपाटा घातला.

त्यानंतर काकांनी या विषयावरची बरीच पुस्तकं वाचली. पण सवय म्हणा, हात म्हणा, पुस्तक ते नेहमी मधूनच उघडायचे.

पुढे मामांची कामाची खोली त्यांचीच झाली. स्वयंपाकघराच्या मागची, एका खिडकीची. खिडकीखाली लोखंडी टेबल, टेबलावर गॅसची छोटी शेगडी, मेण कापायच्या पाती, हिरड्यांसाठीच्या गुलाबी पावडरीचे डबे, आणि भिंतभर फळ्यांवर गावातल्या बहुतेक प्रतिष्ठित मंडळींचे जबडे, प्लास्टरमध्ये. काका रस्त्यात कुणाला भेटले, की आधी तोंडाकडे बघायचे आणि मग डोळ्यांकडे. माणसांना ते आवडायचं नाही. पण करतात काय, पुढेमागे गाठ यांच्याशीच होती.

लग्न झालं आणि काकांना बायकोबरोबर एक साडू मिळाला. थोरल्या बहिणीचा नवरा. हे गृहस्थ मोटार शिकवायची शाळा चालवायचे. शाळा म्हणजे एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक जुनी गाडी, जिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते. त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. त्यांचं म्हणणं असं, की युद्ध मॉस्कोला फिरलं, एक्केचाळीसच्या हिवाळ्यात. ही खात्री त्यांना पुस्तकातून आलेली नव्हती. तरुणपणी ते ट्रक चालवायचे, तेव्हा एकदा घाटात बर्फात अडकले होते. इंजिनातलं तेल गोठलं. सकाळी ट्रकखाली शेकोटी पेटवून तेल पातळ करावं लागलं. पुढे कुठेतरी त्यांनी वाचलं, की मॉस्कोच्या वेशीवर जर्मनांच्या रणगाड्यांचीही अशीच गत झाली होती. झालं. त्यांच्या लेखी युद्धाचा निकाल त्या क्षणी लागला. ज्याची गाडी थंडीत सुरू होत नाही तो हरला, बाकी सगळा तपशील.

“गाडी मॉस्कोला बंद पडली,” ते म्हणायचे. “पुढे ती ढकलत स्टॅलिनग्राडपर्यंत नेली असेल, पण ढकललेली गाडी म्हणजे चाललेली गाडी नव्हे, साडूबुवा.”

“दात हलणं वेगळं आणि पडणं वेगळं,” काका म्हणायचे. “मॉस्कोला हलला. हललेल्या दाताने माणूस वर्षानुवर्षं चावतो. पडला स्टॅलिनग्राडला.”

हे दर रविवारी. एक रविवार या घरी, एक त्या घरी. दोघी बहिणी जेवण वाढायच्या आणि दोघे साडू ताटांमधून फौजा हलवायचे. हातपुसणं लांबवलं की ती व्होल्गा नदी. उकडलेले बटाटे म्हणजे रणगाडे. एकदा ब्रेकमास्तरांनी मॉस्को वाचवण्याच्या नादात धाकटीची नवी काचेची बरणी फोडली, तेव्हा थोरलीने कायदा केला. जेवताना रणगाडे नाहीत. मग ते दोघे हात मागे बांधून, नुसत्या तोंडाने लढू लागले, आणि त्याचा आवाज उलट जास्त झाला.

“एवढी माणसं मेली त्या युद्धात,” धाकटी एकदा भांडी आवरताना बहिणीला म्हणाली, “आणि नेमके हे दोघे वाचले.”

रविवारचं पुरेना, म्हणून दोघे रोज संध्याकाळी वाचनालयातही भेटू लागले. वाचायच्या खोलीत ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली या दोघांच्या खुर्च्या. ग्रंथपालबाईंनी आधी डोळे वटारले, मग टेबलावर पट्टी आपटली, मग हात टेकले. शेवटी एके दिवशी त्या दोघांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “मी महिनाअखेरीला जाहीर वाद ठेवते. महायुद्धाला कलाटणी देणारी लढाई कोणती. तुम्ही दोघं वक्ते. लोक ऐकतील, हात वर करतील, निकाल लागेल. आणि त्यानंतर या खोलीत पुन्हा रशियाचं नाव काढायचं नाही. मान्य?”

दोघांनी मान्य केलं. जो तो आपणच जिंकणार या समजुतीत होता, त्यामुळे मान्य करायला काहीच जड गेलं नाही.

आणि मग ब्रेकमास्तरांचे दात गेले.

एक नवीन बाई गाडी शिकत होत्या. चौकात समोरून सायकलवाला आला. ब्रेकमास्तर नेहमीप्रमाणे “ब्रेक!” म्हणाले, आणि बाईंनी आयुष्यात प्रथमच सांगितलेलं ऐकलं. पूर्ण ताकदीने ऐकलं. मास्तर सायकलवाल्याला झापण्यासाठी पुढे वाकले होते, ते तसेच समोरच्या फळीवर तोंडघशी आपटले. पुढचे दात जागच्या जागी गेले. बाकीचे आधीच टेकीला आले होते. दातांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, आता ठेवण्यासारखं यात काही नाही. काढून टाकले सगळे.

वादाचा दिवस पुढे ढकलला, हिरड्या भरून यायला वेळ हवा म्हणून. तोवर मास्तर बिनदातांचे फिरत होते आणि जगातली सगळ्यात अवघड गोष्ट करत होते, ती म्हणजे गप्प बसणं. कवळी करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी बायकोला स्पष्ट सांगितलं, “मी त्याच्या हातात तोंड देणार नाही. शत्रूच्या हाती कुणी किल्ल्या देतं का?”

ते परस्पर दुसऱ्या गावी गेले आणि तिथून एक कवळी घेऊन आले. दिसायला झकास. पण वरची कवळी टाळूला धरून राहायची नाही. हसले तर टिकायची, बोलले तर सुटायची. त्यातही त्यांचं खास दुर्दैव असं, की ‘मॉ’ म्हणायला तोंड मोठं उघडलं, की वरची कवळी खाट्‌कन खाली यायची आणि ‘स्को’ आतच अडकायचं. दिवसभर ‘मॉ, मॉ’ करत बसायचे. शेवटी थोरली काकांच्या कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात ती कवळी, रुमालात.

“तुम्हीच करून द्या,” ती म्हणाली. “ते येतील. मी आणते.”

“त्यांची इच्छा आहे?”

“त्यांना इच्छा सांगता येत नाही सध्या.”

काकांनी रुमाल उघडला. ती कवळी पाहून त्यांना आधी किळस आली, मग राग आला आणि मग फार बरं वाटलं. इतकं वाईट काम त्यांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मापं घेऊन साचे पाठवले, पण पुढच्या तपासणीला त्यांनी हात जोडले. “तुमच्या घरचं भांडण माझ्या खुर्चीत नको,” ते म्हणाले. “तुम्हीच बघून घ्या काय ते.” त्यामुळे मेणाची कच्ची कवळी तोंडात घालून बघायचा कार्यक्रम काकांच्या खोलीत झाला. मेणाच्या गुलाबी पट्टीत दात बसवून ती तोंडात ठेवायची, ओठ कसे पडतात, चावा कसा बसतो, बोलणं कसं येतं ते पाहायचं, मेण गरम करून दात हलवायचे आणि मग पक्की करायची. ब्रेकमास्तर स्टुलावर बसले होते. मागच्या भिंतीवरून सगळं गाव दात विचकून बघत होतं. दोघी बहिणी स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून.

“सहासष्ट म्हणा,” काका म्हणाले.

“शहाशष्ट.”

“सदुसष्ट.”

“शदुशष्ट.”

काकांनी पात शेगडीवर धरली, मेणातले पुढचे दात किंचित मागे घेतले, पट्टी पुन्हा तोंडात बसवली.

“आता?”

“सदुसष्ट.”

“छान. आता स्टॅलिनग्राड म्हणा.”

ब्रेकमास्तरांनी तोंड मिटून घेतलं. मग जेमतेम उघडलं. “कशाला?”

“कामाचं आहे. ‘स्ट’ बघायचाय.”

“मॉस्को म्हणतो.”

“त्यात ‘स्क’ आहे. ‘स्क’ला जीभ मागे जाते. मला ती दातांच्या मागे आलेली बघायचीय. ‘स्ट’ लागेल.”

मास्तर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. “स्टेअरिंग,” ते म्हणाले. “स्टार्टर. स्टेपनी. बस स्टँड.”

स्वयंपाकघरात कुणीतरी फिस्सकन हसलं.

“ठीक,” काका म्हणाले. “स्टेपनी झाली. पण पुढे ‘लिन’ आहे. त्यानंतर ‘ग्रा’ आहे. स्टेपनीत ‘ग्रा’ नाही.”

“लेनिनग्राड.”

“त्यात ‘स्ट’ नाही. मला एका दमात सगळं हवंय. हे बघा साडूबुवा, भाषणात तुम्ही माझा मुद्दा खोडणार ना? खोडायचा तर नाव घ्यावं लागेल. तेवढ्यात शीळ वाजली, की सगळं वाचनालय हसेल. मग पुढे तुम्ही काय वाटेल ते सिद्ध करा.”

“मी ‘तुमची ती लढाई’ असं म्हणेन.”

“अहो, म्हणा ना एकदाचं,” थोरली दारातून म्हणाली. “शब्द आहे, विष नाही.”

ब्रेकमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कारल्याच्या रसाचा घोट घेतल्यासारखा चेहरा केला. “श्टॅलिनग्लाड,” ते म्हणाले.

काकांनी दात हलवले. “पुन्हा.”

“स्टॅलिनग्लाड.”

“पुन्हा.”

सगळी दुपार हे चाललं. मेण गरम करायचं, दात केसभर फिरवायचा, पुन्हा म्हणायला लावायचं. ज्या तोंडातून हा शब्द आजवर ‘छे, काहीतरीच’ लावूनच बाहेर पडला होता, त्या तोंडातून तो आता कोरा, स्वच्छ, सुटा येत होता. काकांना पोटातून गुदगुल्या होत होत्या. गरज संपल्यावरही त्यांनी तो आणखी काही वेळा म्हणवून घेतला.

पक्की कवळी करताना काकांच्या मनात पाप आलं नाही असं नाही. एक दाढ जरा उंच ठेवली असती, तर मास्तरांचा जबडा भाषणाच्या मध्यावर दुखायला लागला असता. कुणाच्या बापाला कळलं नसतं. धाकटीने दारातून नवऱ्याकडे पाहिलं. कवळी हातात, नजर कुठेतरी रशियात.

“काय चाललंय?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“दाढ आहे तशी ठेवा,” ती म्हणाली. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या मागेच ही खोली असल्यावर तिलाही थोडं कळू लागलं होतं.

काकांनी दाढ आहे तशी ठेवली. बायकोच्या धाकाने म्हणा किंवा या विचाराने म्हणा, की कवळी वाजली तर लोक काय, मॉस्को हरलं असं म्हणणार नाहीत, कवळीकाकांची कवळी वाजते असं म्हणतील.

वादाच्या संध्याकाळी वाचनालयाची खोली भरली. बरेचसे लोक पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आले होते, काही ग्रंथपालबाईंच्या भिडेखातर. औषधाच्या दुकानदाराने उभं राहून, प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईचं काय, असं विचारलं. त्याला दोन्ही साडूंनी एकदमच “समुद्राचं नंतर” म्हणून खाली बसवलं.

आधी ब्रेकमास्तर बोलले. आणि काय बोलले. दात आल्यापासून त्यांना बोलणं हे खाण्याइतकं चविष्ट लागत होतं. “मंडळी,” ते म्हणाले, “माझे साडू म्हणतात स्टॅलिनग्राड. मी विचारतो, स्टॅलिनग्राडच का? स्टॅलिनग्राडला काय झालं? स्टॅलिनग्राडला फौज शरण गेली, कबूल. पण ती फौज स्टॅलिनग्राडपर्यंत थकून आली कुठून?” हा शब्द त्यांच्या तोंडून सुटायचा तेव्हा चांदीचा रुपया फरशीवर पडावा तसा खणखणायचा. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण ते तो वाक्यावाक्यात घालू लागले. गरज नसताना घालू लागले. त्यांचा स्वतःचा शब्द मात्र प्रत्येक वेळी ‘मॉश्को’ असा बाहेर पडायचा, ओल्या फटाक्यासारखा. मागच्या रांगेतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

कवळीकाकांनी त्या भाषणातला एकही मुद्दा ऐकला नाही. ते दातांकडे बघत होते. वरचा ओठ कसा भरून आला होता, खालची कवळी जिभेखाली कशी गप्प बसली होती, मोठ्याने बोलतानाही काही सुटत नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम समोर उभं राहून त्यांच्याविरुद्ध बोलत होतं आणि त्यांना त्याचं फार कौतुक वाटत होतं. घंटा वाजली आणि त्यांची पाळी आली, तेव्हा खोडायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

“खालची छान बसलीय,” ते उभे राहून म्हणाले. लोक हसले. मग ते दात हलणं आणि दात पडणं यावर काहीबाही बोलले, मध्येच अडखळले, घंटेआधीच खाली बसले.

हात वर झाले. स्टॅलिनग्राड जिंकलं. थोडक्यात नव्हे, चांगलं दणकून. मॉस्कोसाठी थोरलीचा हात होता, आणि तो पाहून त्या ब्रेकवाल्या बाईंनीही संकोचाने आपला वर केला. औषधवाल्याने कुणालाच मत दिलं नाही.

“काय सुरेख समजावून सांगितलं हो स्टॅलिनग्राडचं,” एक आजी बाहेर पडताना म्हणाल्या. त्या बघत होत्या ब्रेकमास्तरांकडे.

मास्तरांनी काकांना पायऱ्यांवर गाठलं. आवाज न चढवता बोलले, हीच मोठी वाईट खूण. “तुम्ही ही कवळी त्या शब्दासाठी घडवलीत.”

“काहीतरीच काय.”

“माझ्या तोंडात तुमची लढाई बसवलीत. आणि माझ्या लढाईला गळती लावलीत.”

काका नाही म्हणाले. मुद्दाम काही केलं नव्हतं, हे खरं. पण ‘मॉस्को’ हा शब्द तपासलाही नव्हता, एकदाही. तो विसरून राहिला, की त्यांनी राहू दिला, हे त्यांचं त्यांनाच धड सांगता येईना.

ब्रेकमास्तर रविवारी यायचे बंद झाले. थोरली एकटी यायची. दोघी बहिणी शांतपणे जेवायच्या, हसायच्या, गरम गरम खायच्या, इतक्या वर्षांत राहून गेलेलं बोलायच्या. काकांकडे कुणी लक्ष द्यायचं नाही. वाचनालयात ते गेले, तर समोरची खुर्ची रिकामी. निकाल लागलेला, पाटीखाली खरोखरच शांतता. जिंकल्यावर माणूस इतका रिकामटेकडा होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी महायुद्धाचा एक इतिहास कपाटातून काढला आणि आयुष्यात प्रथमच पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पोलंड झालं, फ्रान्स झालं. मग मॉस्को आलं. काका वाचत राहिले. चिखल, मग गारठा, गोठलेलं तेल, पायांत धड बूट नसलेले शिपाई, आणि मग बर्फातून समोर येणाऱ्या ताज्या दमाच्या रशियन तुकड्या. प्रकरण संपलं, तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. जोरदार होतं. अगदी भयंकर जोरदार होतं. हे आपल्यापासून इतकी वर्षं लपून राहिलं ते कुणाच्यातरी कवळीभोवती गुंडाळून गेल्यामुळे, याचा त्यांना मनापासून संताप आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे सांगावं असं जगात एकच माणूस होतं आणि ते बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका मोटारशाळेत गेले. “गाडी शिकायचीय,” ते म्हणाले.

ब्रेकमास्तरांनी त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. शिकायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा नियम होता. “बसा,” ते म्हणाले.

काकांनी गाडी सुरू केली. ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, तशी ती बेडकासारख्या उड्या मारत चौकापर्यंत गेली आणि ऐन मध्यात पुन्हा बंद पडली. मागून भोंगे वाजायला लागले.

“क्लच,” मास्तर म्हणाले.

“मॉस्को वाचलं,” काका म्हणाले.

“क्लच दाबा आधी.”

“सगळं वाचलं. पहिल्यापासून. दात नुसता हलला नव्हता, मुळापासून खिळखिळा झाला होता. एवढं मी मान्य करतो.”

मास्तर काही बोलले नाहीत. मागचा ट्रकवाला मात्र बरंच काही बोलला.

“काढा ती,” काका म्हणाले, आणि खिशातून बारीक कानस काढली. “वरची. ‘स्क’ची जागा घासून देतो.”

“इथे?”

“मग कुठे? गाडी तर हलत नाहीये.”

ब्रेकमास्तरांनी क्षणभर विचार केला, तोंडाला रुमाल लावला आणि कवळी काढून दिली. भर चौकात, भोंग्यांच्या गदारोळात, काकांनी ती उजेडात धरून दातांमागचा उंचवटा घासला, अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा घासला. वाहतुकीचा पोलीस खिडकीशी येऊन वाकला, आणि एकाचे दात दुसऱ्याच्या हातात पाहून एक पाऊल मागे सरकला. काकांनी बाटलीतल्या पाण्याने कवळी धुतली आणि परत केली.

“म्हणा.”

“मॉस्को,” ब्रेकमास्तर म्हणाले. खणखणीत.

“पुन्हा.”

“मॉस्को. पण साडूबुवा, एवढं मान्य केल्यावर स्टॅलिनग्राडमध्ये उरतं काय?”

“उरतं काय म्हणजे? पडला कुठे, ते उरतं.”

पोलिसाने गाडी ढकलून कडेला लावली. ते दोघे आत तसेच बसून भांडत होते. धडा पुढे सरकला नाही. काकांना शेवटपर्यंत गाडी नीट आली नाही, परवान्याच्या परीक्षेत त्यांनी खांब पाडला. पण शिकवणी त्यांनी सोडली नाही, कारण गाडीत ग्रंथपालबाई नव्हत्या.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर जेवायला आले. दोघी बहिणींची तोंडं उतरली, पण ताटं मांडली गेली. पहिला घास संपायच्या आत मॉस्को सुरू झालं, मग स्टॅलिनग्राड. मास्तरांनी नवीनच कुर्स्क आणलं होतं, रणगाड्यांची मोठी लढाई, आणि ती आपल्या बाजूला कशी धरायची याचा त्यांना अजून नीट अंदाज नव्हता. बटाट्यांकडे हात जायला लागले होते.

“मला विचाराल तर,” धाकटी म्हणाली. तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. “ते निघाले त्याच दिवशी हरले. एवढ्या लांब, थंडीच्या मुलखात, गरम कपडे न घेता निघालेला माणूस पुढे या गावाला अडला की त्या गावाला, याला काय महत्त्व आहे?”

दोघांनी घास खाली ठेवले.

“असं नसतं ते,” कवळीकाका म्हणाले.

“मुळीच नसतं,” ब्रेकमास्तर म्हणाले. “निघताना कुणी हरत नाही. अपघात रस्त्यात होतो, घरी नाही.”

“बरोबर. आणि सुरुवातीला त्यांनी केवढी मजल मारली होती,” काका म्हणाले.

“केवढी. सांगा जरा हिला, साडूबुवा.”

आयुष्यात प्रथमच दोघे टेबलाच्या एका बाजूने बोलत होते. एक वाक्य सुरू करायचा, दुसरा पुरं करायचा. त्यांनी तिला नकाशा समजावला, रसद समजावली, पेट्रोलचा तुटवडा समजावला. व्होल्गा पुन्हा अंथरली गेली. धाकटीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पण गरम कपडे नव्हतेच ना नेले पुरेसे?” तिने विचारलं.

“नव्हते,” मास्तर म्हणाले.

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरचे दोन रणगाडे उचलून तिने थोरलीच्या ताटात वाढले.